आतड्याच्या भिंतींतील दुसरें दार

मनुष्य जेवून उठला, हात धुतले, विडा तोंडांत घातला, कीं अन्नाविषयींची आपली जबाबदारी संपली असें तो समजतो. पुढील काम जठराग्नीवर सोंपवून तो आपल्या उद्योगास लागतो. परंतु वरणभाताचा घांस पोटांत गेला म्हणजे तो शरीरांत गेला, असें मात्र नव्हे. तोंडापासून निघालेली अन्नाची वाट ही खरें पाहतां शरीराच्या मधून खणलेला एक लांब बोगदा आहे. बोगद्यांतून जाणारी आगगाडी डोंगराच्या पोटांत असूनहि डोंगराचा भाग होत नाहीं. तसेंच आतड्यांतील अन्न आपल्या आंत असूनहि आपलें झालेलें नसतें. तें आपलें व्हावयाचें तर त्यानें आतड्याची भिंत ओलांडली पाहिजे. आणि या भिंतीचा अन्नास लागून असलेला थर म्हणजे पेशींची अवघी एक रांग. या रांगेंतून काय, कोणत्या रूपानें आणि कोणत्या वाटेनें आंत जातें, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. तथापि डाळींतील, दुधांतील आणि मांसांतील प्रथिनांपुरतें त्याचें उत्तर शोधण्यांत विद्वानांचीं शंभरांहून अधिक वर्षें खर्च झालीं. आणि त्यांपैकीं सुमारें पन्नास वर्षें एक अपुरें उत्तर पुरें समजून बहुतेक सर्वजण स्वस्थ बसले होते. या इतिहासांत कोणी लबाडी केली नाहीं, कोणाचा महत्त्वाचा प्रयोग खोटा ठरला नाहीं. आणि तरीहि चूक झाली. ती कशी झाली व कशी सुधारली, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम प्रथिन म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. वीस प्रकारच्या अमिनो अम्लांचे मणी निरनिराळ्या क्रमानें ओंवून जी लांब माळ होते, तें प्रथिन. तिच्यांतून दोन मण्यांचा तुकडा तोडला तर त्यास द्विपेप्टाइड म्हणतात; तीन मण्यांचा असल्यास त्रिपेप्टाइड. जठरांतील आणि स्वादुपिंडांतील रस या माळेचे तुकडे पाडतात. १८३६ सालीं थिओडोर श्वान यानें जठररसांतील पेप्सिन शोधून काढलें. १८७६ सालीं विल्हेल्म क्यूने यानें स्वादुपिंडाच्या रसांतील पाचक द्रव्यास ट्रिप्सिन हें नांव दिलें. या रसांच्या क्रियेनें प्रथिनांचें जें विद्राव्य मिश्रण होतें, त्यास त्या काळीं पेप्टोन म्हणत. आणि प्रथिन भिंतीपलीकडे जातें तें पेप्टोनच्या रूपानेंच, असें त्या वेळीं सामान्यतः मानीत असत. अडचण एकच होती. जेवणानंतर रक्त कितीहि काळजीनें तपासलें तरी त्यांत पेप्टोन कांहीं सांपडत नसे.

या अडचणीस प्रथम नेटानें भिडला तो फ्रान्झ होफमायस्टर. १८८० नंतरच्या दशकांत प्राग येथें काम करीत असतां त्यास असें आढळलें, कीं पेप्टोन हें आतड्याच्या अस्तराशीं संबंध येतांच नाहींसें होतें. उलट तेंच पेप्टोन सरळ रक्तांत टोचलें तर शरीर त्याचा उपयोग न करतां मूत्रावाटे तें बाहेर टाकतें. यावरून त्यानें अनुमान काढलें, कीं आतड्याच्या भिंतींतील जिवंत पेशी पेप्टोन पकडतात आणि जागच्या जागीं त्याचें पुन्हां प्रथिन करतात. निरीक्षण बरोबर होतें. अनुमान मात्र टिकलें नाहीं. १९०१ सालीं हायडेलबर्ग येथें ओटो कोनहाइम हा होफमायस्टरच्याच मताची परीक्षा पाहावयास बसला. पेप्टोन नाहींसें होतें हें खरें. परंतु त्याच्या जागीं नवें प्रथिन दिसेना. दिसलीं तीं सुटीं अमिनो अम्लें. म्हणजे पेशी पेप्टोन जोडीत नव्हत्या, तर अधिकच तोडीत होत्या. या तोडणाऱ्या द्रव्यास कोनहाइमनें इरेप्सिन हें नांव दिलें. इरेप्सिन हें एकच द्रव्य नसून अनेक विकरांचा समुदाय आहे, हें पुढें सिद्ध झालें. पण त्यानें मूळ शोधाची किंमत कमी होत नाहीं.

यानंतर एकामागून एक पुरावे येत गेले, आणि ते सर्व एकाच दिशेनें बोट दाखवीत होते. १९०२ सालीं ओटो लोवी यानें पूर्णपणें पचवून तुकडे तुकडे केलेल्या प्रथिनावर कुत्र्याच्या शरीराचा नायट्रोजनाचा जमाखर्च बरोबर राखून दाखविला. अर्थात् शरीरास तयार प्रथिनाची गरज नसून त्याच्या विटा मिळाल्या तरी पुरे होतें. त्याच वर्षीं कार्ल्सबाद येथील सभेंत होफमायस्टर आणि एमिल फिशर या दोघांनीं अमिनो अम्लें एकमेकांस कशीं जोडलेलीं असतात याची उपपत्ति स्वतंत्रपणें मांडली. १९१२ सालीं न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत डोनाल्ड व्हान स्लाइक आणि गुस्ताव्ह मेयर यांनीं नव्या, सूक्ष्म मापनपद्धतीनें दाखविलें, कीं जेवणानंतर रक्तांतील अमिनो अम्लांचें प्रमाण वाढतें. १९१४ सालीं बाल्टिमोर येथें जॉन जेकब एबल यानें जिवंत कुत्र्याचें रक्त पातळ पडद्याच्या नळ्यांतून फिरवून त्यांतून अमिनो अम्लें प्रत्यक्ष वेगळीं काढलीं. आतां संशयास जागा उरली आहे, असें कोणास वाटणार? प्रथिन पूर्णपणें फुटून त्याचीं सुटीं अमिनो अम्लें होतात, आणि भिंत ओलांडतात तीं हीं अमिनो अम्लेंच, दुसरें कांहीं नव्हे. हा सिद्धांत पाठ्यपुस्तकांत शिरला आणि तेथें घर करून राहिला.

येथें क्षणभर थांबून या सिद्धांताच्या तर्काकडे पाहिलें पाहिजे. एखाद्या वाड्याच्या मागील दारांतून बाहेर पडणारे लोक आम्ही मोजले, आणि ते सर्व एकेकटे बाहेर पडतांना दिसले. यावरून ते पुढील दारांतून आंत शिरले तेहि एकेकटेच शिरले असले पाहिजेत, असें म्हणतां येईल काय? कोणी हातांत हात घालून जोडीनें शिरले असतील आणि आंत चौकांत आल्यावर एकमेकांपासून वेगळे झाले असतील. आतड्याच्या पेशीस अशींच दोन दारें आहेत. एक अन्नाच्या बाजूस, दुसरें रक्ताच्या बाजूस. व्हान स्लाइकनें आणि एबलनें जें पाहिलें तें रक्ताच्या बाजूचें. तेथें अमिनो अम्लें बाहेर पडत होतीं, हें निर्विवाद. परंतु अन्नाच्या बाजूनें काय शिरत होतें, या प्रश्नास त्यांच्या प्रयोगांनीं स्पर्शहि केला नव्हता. पेशीच्या पोटांत पेप्टाइडें तोडणारीं द्रव्यें आहेत, हें तर स्वतः कोनहाइमनेंच दाखविलें होतें! तीं तेथें कशासाठीं असावींत, हा प्रश्न विचारण्याचें मात्र बहुतेकांस सुचलें नाहीं. एका प्रश्नाचें बरोबर उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचें उत्तर म्हणून चालविलें गेलें, एवढीच काय ती चूक.

ही शांतता प्रथम भंग पावली ती १९५० नंतर. १९५३ सालीं मेलबर्न येथील आगर, हर्ड आणि सिद्धू यांनीं दाखविलें, कीं ग्लायसिलग्लायसीन हें साधें द्विपेप्टाइड उंदराच्या आतड्याची भिंत न तुटतां ओलांडूं शकतें. पुढच्याच वर्षीं आर. बी. फिशर यानें, प्रथिन संपूर्णपणें फुटूनच शोषलें जातें या मतास पुरावा किती तोकडा आहे, हें स्पष्टपणें लिहिलें. त्याच वर्षीं शेफील्ड येथें विल्सन आणि वाइजमन यांनीं एक युक्ति काढली. आतड्याचा लहानसा तुकडा बनियन उलटें करावें तसा उलटा करावयाचा आणि दोन्ही तोंडें बांधून त्याची पिशवी करावयाची. म्हणजे अन्नाची बाजू बाहेर येते, रक्ताची बाजू आंत जाते, आणि दोहोंकडील द्रव वेगवेगळा तपासतां येतो. ज्या प्रश्नाचें उत्तर एकट्या रक्तानें दिलें नव्हतें, तो प्रश्न विचारण्याचें साधन आतां हातीं आलें. शेफील्डच्याच न्यूई आणि स्मिथ यांनीं १९५९ व १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असें प्रतिपादिलें, कीं द्विपेप्टाइडें आतड्याच्या पोकळींत फुटत नसून अखंड पेशींत शिरतात आणि पेशीच्या आंत फुटतात. म्हणजे सुमारें साठ वर्षांपूर्वीं कोनहाइमनें ज्या द्रव्यास नांव दिलें, त्याच्या एका मोठ्या भागाचें खरें काम आतां कळलें.

तरीहि जुनें मत एकदम हललें नाहीं. ग्लायसिलग्लायसीन हा अपवाद असेल, प्रयोग प्राण्यांवरचे आहेत, माणसांत तसें घडत नसेल, असें समाधान करून घेणें सोपें होतें. हें समाधान मोडण्याचें श्रेय मुख्यतः लंडन येथील वेस्टमिन्स्टर वैद्यकीय विद्यालयांतील डेव्हिड मॅथ्यूज व त्याचे सहकारी यांस दिलें पाहिजे. १९६८ सालीं त्यांनीं माणसांवर एक साधा प्रयोग केला. ग्लायसीन हें अमिनो अम्ल एकदां सुटें दिलें, आणि एकदां तितकेंच ग्लायसीन दोन किंवा तीन मण्यांच्या तुकड्यांत जोडलेलें दिलें. जुना सिद्धांत खरा असता, तर जोडलेलें ग्लायसीन आधीं तुटावें लागल्यामुळें उशिरां, फार तर सुट्याइतक्याच वेगानें शोषलें जावयास हवें होतें. प्रत्यक्षांत जोडलेलें अधिक वेगानें शोषलें गेलें! नाक्यावर फक्त सुटे पैसे घेतात असें आपण समजावें, आणि बंदा रुपया घेऊन आलेला मनुष्य सर्वांच्या पुढें निघून जावा, तसेंच हें झालें. याचा उलगडा एकच. बंद्या रुपयासाठीं निराळा नाका असला पाहिजे. १९७१ सालीं पिट्सबर्ग येथील सियामक अडीबी यानें मनुष्याच्या लहान आतड्यांत नळी सोडून द्विपेप्टाइडें अखंड शोषलीं जातात, हें दाखविलें. सुटीं अमिनो अम्लें एकमेकांशीं वाटेसाठीं स्पर्धा करतात. पेप्टाइडें त्या स्पर्धेंत नसतात, कारण त्यांची वाट वेगळी आहे.

परंतु या दुसऱ्या दाराची सर्वांत बोलकी साक्ष दिली ती प्रयोगशाळेनें नव्हे, तर एका दुर्मीळ आनुवंशिक रोगानें. १९५६ सालीं लंडन येथें वर्णन झालेल्या आणि ज्या कुटुंबांत तो आढळला त्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या हार्टनप रोगांत, आतड्यांत आणि मूत्रपिंडांत पुष्कळशा अमिनो अम्लांचें नेहमींचें दार जन्मतःच निकामी असतें. ट्रिप्टोफॅन हें त्यांपैकीं एक. शरीर ट्रिप्टोफॅनपासून निआसिन हें जीवनसत्त्व कांहीं अंशीं तयार करतें. म्हणून अशा रोग्यांच्या अंगावर उन्हानें पेलाग्रासारखे चट्टे उठतात, कोणाचा तोलहि जातो. पेलाग्रा हें नांव दख्खनच्या पठारास अनोळखी नाहीं. केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत तो आढळतो याकडे हैदराबाद येथील गोपालन आणि श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं लक्ष वेधलें होतें. तेथें कारण अन्नाचें, येथें दाराचें. आतां प्रश्न असा, कीं ज्या अमिनो अम्लांवांचून मनुष्य जगूंच शकत नाहीं, त्यांपैकीं कित्येकांचें दार जर बंद, तर हे रोगी वांचतात कसे? इतकेंच नव्हे, तर त्यांपैकीं बरेच जण धडधाकट कसे राहतात?

उत्तर १९७० सालीं मिळालें. असाटूर आणि त्याचे सहकारी यांनीं अशा रोग्यास हिस्टिडीन व फेनिलअ‍ॅलनीन हीं अमिनो अम्लें सुटीं दिलीं, तेव्हां तीं फारशीं शोषलीं गेलीं नाहींत. तींच पेप्टाइडाच्या रूपानें दिलीं, तेव्हां रक्तांत त्यांचें प्रमाण वाढलें. त्याच वर्षीं सिस्टिनयूरिया या, मूतखडे उत्पन्न करणाऱ्या दुसऱ्या आनुवंशिक रोगांतहि असाच अनुभव आला. हीं माणसें आपल्या नकळत, जन्मापासून, दुसऱ्या दारानें जेवत होतीं! शास्त्रज्ञांस ज्या दाराचा पत्ता पन्नास वर्षें लागला नाहीं, त्याच दाराचा त्यांच्या जगण्यांत मोठा वांटा होता. हार्टनप रोगांत बंद असलेल्या पहिल्या दाराचें जनुक २००४ सालीं निश्चित झालें. तें दार दुसऱ्याहून अगदीं निराळें आहे, हें त्यानें कायमचें ठरलें.

दार आहे हें ठरलें. आतां तें कोणाच्या बळानें उघडतें? या प्रश्नांतहि एक जुनें उत्तर वाट अडवून बसलें होतें. १९६० सालीं प्राग येथील एका परिषदेंत रॉबर्ट क्रेन यानें साखर आंत ओढली जाते ती सोडियमच्या बळावर, असें प्रतिपादन केलें होतें. ही कल्पना किती मोलाची होती हें सांगण्यास एकच उदाहरण पुरे. पटकीनें शोष पडलेल्या मनुष्यास मीठसाखरेचें पाणी पाजलें तर तें शोषलें जातें, तें याच दारामुळें. आणि १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत दिलीप महालनबीस यांनीं असेंच पाणी पाजून असंख्य जीव वांचविले. अशा यशस्वी कल्पनेचा मोह कोणास पडणार नाहीं? पेप्टाइडांचें दारहि सोडियमच्याच जोरावर चालत असेल, असें पुष्कळांस वाटलें. परंतु सोडियम काढून घेतलें तरी हें दार चालतच राही. १९८३ च्या सुमारास अमेरिकेंतील ऑगस्टा येथें वाडिवेल गणपती आणि फ्रेडरिक लाइबाख यांनीं सशाच्या पेशींच्या पडद्याच्या सूक्ष्म पिशव्यांवर प्रयोग करून दाखविलें, कीं येथें ओढ सोडियमची नसून प्रोटॉनची, म्हणजे हायड्रोजनच्या विद्युद्भारित कणाची आहे.

याची घडण समजून घेण्यासारखी आहे. आतड्याच्या पेशींच्या अगदीं लगत पाण्याचा एक पातळ थर असतो आणि तो किंचित् आंबट असतो. हें १९७५ सालीं अतिसूक्ष्म विद्युदग्रानें उंदरांत प्रत्यक्ष मोजलें गेलें. पेशीच्या आंत हा आंबटपणा कमी. म्हणून बाहेरील प्रोटॉन उतारावरच्या पाण्याप्रमाणें आंत धांवण्यास उत्सुक असतात, आणि पाणचक्कीचें पातें जसें प्रवाहानें फिरतें, तसें हें दार त्यांच्या ओघानें फिरून पेप्टाइडास आंत घेतें. आंत आलेले प्रोटॉन दुसऱ्या एका यंत्रणेनें सोडियमच्या बदल्यांत पुन्हां बाहेर टाकले जातात, आणि आंत जमणारें सोडियम पेशी आपली शक्ति खर्चून रक्ताच्या बाजूस उपसते. म्हणजे अखेरचा खर्च येथेंहि सोडियमच्या उपशावरच पडतो. परंतु दाराशीं उभा असलेला गडी निराळा. आंत आलेल्या बहुतेक पेप्टाइडांचे पेशींतील विकर तुकडे करतात आणि सुटीं अमिनो अम्लें मागच्या दारानें रक्तांत जातात. व्हान स्लाइकनें पाहिलीं तीं हींच.

१९९४ सालीं बॉस्टन येथील मथायस हेडिगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं सशाच्या आतड्यांतील या दाराचें जनुक वेगळें काढलें. गणपती व लाइबाख हे त्या कामांत भागीदार होते. युक्ति अशी, कीं आतड्याच्या पेशींतील जनुकीय संदेश बेडकाच्या अंड्यांत टोंचावयाचे, आणि ज्या संदेशानें अंडें पेप्टाइड ओढूं लागेल तो पकडावयाचा. अशा रीतीनें पेप्ट-१ हें नांव पावलेलें हें दार स्वतः एक प्रथिनच आहे. मनुष्यांत तें ७०८ अमिनो अम्लांचें असून पेशीच्या पडद्यांतून बारा वेळां आरपार गेलेलें आहे. वीस अमिनो अम्लांपासून ४०० द्विपेप्टाइडें आणि ८,००० त्रिपेप्टाइडें होऊं शकतात. त्यांपैकीं बहुतेकांस हें एकच दार वाट देतें, मात्र एकेकटें अमिनो अम्ल किंवा चार मण्यांचा तुकडा घेत नाहीं. मानवी पेप्ट-१ ची प्रत्यक्ष आकृति २०२१ सालीं डोळ्यांपुढें आली.

कोणी विचारील, या ज्ञानाचा रोग्यास उपयोग काय? तो दोन प्रकारचा आहे. सेफालेक्सिनसारखीं कांहीं प्रतिजैविक औषधें रचनेनें लहान पेप्टाइडासारखीं दिसतात, आणि म्हणूनच सुई न टोंचतां तोंडावाटे घेतलीं तरी लागू पडतात. दार त्यांस आपलें माणूस समजून आंत घेतें. नागिणीवरील अ‍ॅसायक्लोव्हिर हें औषध आतड्यांतून फारच थोडें शोषलें जाई. त्यास व्हॅलीन हें अमिनो अम्ल जोडतांच तें तीन ते पांच पट अधिक शोषलें जाऊं लागलें, त्यांतहि या दाराचा हात आहे. दुसरा उपयोग अन्नाचा. ज्यांची पचनशक्ति खचलेली आहे अशा रोग्यांसाठीं पूर्वीं केवळ सुट्या अमिनो अम्लांचें अन्न करीत असत. जुन्या सिद्धांताप्रमाणें तेंच सर्वांत पचलेलें अन्न होतें. परंतु सुटे कण संख्येनें अधिक, म्हणून तें द्रावण आतड्यांत पाणी ओढून घेई. लहान पेप्टाइडांच्या अन्नांत हा दोष कमी, आणि दुसरें दारहि कामास येतें. तथापि अतिशयोक्ति आम्हांस करावयाची नाहीं. पेप्ट-१ मुळींच नसलेले उंदीर २००८ सालीं तयार करण्यांत आले, आणि तेहि जगले, वाढले. दोन दारांच्या घरांत एक बंद झालें तरी बिऱ्हाड उपाशी मरत नाहीं. निसर्गानें दोन ठेविलीं तीं यासाठींच कीं काय, असें वाटतें.

असो. या सर्व कथेंत आम्हांस सर्वाधिक विचारणीय वाटतो तो होफमायस्टर. त्याचें अनुमान चुकलें, आणि चुकलेल्या अनुमानाबरोबर त्याचें लक्षहि लोकांनीं टाकून दिलें. पेप्टोनचें काय होतें तें भिंतीच्या आंत होतें, असें तो म्हणत होता. पेशी जोडीत नसून तोडतात एवढें कळतांच सर्वांनीं भिंतीकडे पाठ फिरविली आणि ते रक्त मोजूं लागले, कारण रक्त मोजण्याचें साधन हातीं होतें. जें मोजतां येतें तेवढेंच आहे, असें समजण्याची ही संवय केवळ शरीरशास्त्रांतच आहे असें नाहीं. डेव्हिड मॅथ्यूजनें १९७५ सालीं या विषयाचा समग्र आढावा लिहिला, तेव्हां जुन्या लोकांचे प्रयोग त्यास खोडावे लागले नाहींत. त्यांनीं कोणता प्रश्न विचारला नव्हता, एवढेंच दाखवावें लागलें. आमच्या ताटांतील वरणाचा घांस त्या पन्नास वर्षांतहि दोन्ही दारांनीं आंत जातच होता. त्यास पाठ्यपुस्तकाची वाट पाहावी लागली नाहीं. वाट पाहावी लागली ती रोग्यांस.